घरी बसून काय बघितलंत, आणि कुठं पॉज केलंत?

सिनेमाला किती स्टार द्यायचे हे सांगायला भरपूर लोक बसलेत, त्यामुळे इथं स्टार नकोत. गेल्या दोन-चार महिन्यांत घरी जे काही बघितलं असेल, नवं जुनं कसलंही, मराठीच पाहिजे असं नाही, ते कोणाबरोबर बघितलंत आणि मध्येच कुठं पॉज केलंत तेवढं सांगा. थेटरात पॉज नसतो, घरी असतो. माझं तर मत आहे की माणसाला पिक्चर कितपत भिडला हे त्यानं तो कुठं थांबवला त्यावरून कळतं. लघवीला थांबवलेला धरायचा नाही.

सुरुवात मीच करतो. चैतन्य ताम्हाणेचा 'कोर्ट' (२०१४). आधी थेटरात बघितला होता, तेव्हाचं शेजारचा माणूस घोरत होता एवढंच आठवतंय. यावेळी बाबांबरोबर बघितला. बाबा जिल्हा कोर्टात स्टेनो होते, रिटायर होऊन अकरा वर्षं झाली. त्यांना कोर्टाचे पिक्चर सहनच होत नाहीत, 'ऑर्डर ऑर्डर' आणि हातोडा आला की उठतात, आपल्याकडं हातोडा कुठल्या कोर्टात बघितलास सांग, असं मलाच विचारतात, जसा काय तो पिक्चर मीच काढलाय. इथं हातोडा नाही. एका लोकशाहिरावर केस आहे की त्याचं गाणं ऐकून गटार साफ करणाऱ्या कामगारानं आत्महत्या केली, आणि ती केस तारखांवर तारखा घेत चाललीये. साक्षीदार बोलतो, जज ते आपल्या शब्दांत टायपिस्टला सांगतात, आणि तेवढंच रेकॉर्डवर जातं. बाबा म्हणाले थांबव. मला वाटलं चहा पाहिजे. तर म्हणाले, साक्षीदार पाच मिनिटं बोलतो, कागदावर दीड ओळ जाते आणि पुढची दहा वर्षं सगळे त्या दीड ओळीवर भांडतात, मी ३४ वर्षं ती दीड ओळ घेतली. हे बोलताना अंगठा आणि बोट जुळवून मांडीवर काहीतरी गिरवत होते. शॉर्टहँड असणार, मला येत नाही.

स्लीव्हलेस घालून आली म्हणून एका बाईची केस जज पुढं ढकलतात तिथं मी हसलो, ते हसले नाहीत. मग शेवटी कोर्टाला सुट्टी लागते, दिवे जातात, पडदा काळा, बराच वेळ काळाच. बाबांनी रिमोट उचलला होता, मी म्हटलं थांबा, आहे अजून. पुढचं सांगत नाही. वकिलीणबाई झालेल्या गीतांजली कुलकर्णीबद्दल मात्र बाबांचं मत: 'ही खरीच सरकारी वकील आहे, कुठून आणली?'

चला, आता तुम्ही.

~

एक मिनिट एक मिनिट. काळ्या पडद्यानंतर अजून आहे???? आम्ही तिथंच बंद केला हो. वर नवरा-बायको पंधरा मिनिटं बोलत बसलो की काय जबरदस्त शेवट केलाय, रिकामं कोर्ट, अंधार, न्यायव्यवस्था वगैरे वगैरे. नवऱ्यानं तर ऑफिसात पण सांगितला तो शेवट.

~

मी मूळची सांगलीची, सासर इस्लामपूर. आमच्याकडं सासूबाईंना आत्या म्हणतात. तर आत्या आणि मी मिळून 'द ग्रेट इंडियन किचन' बघितला, मल्याळम, २०२१ चा, जिओ बेबीचा. मी एकटीच बघणार होते, दुपारी दोनला जेवणं उरकून, पण आत्या येऊन बसल्या, मी म्हटलं भाषा कळायची नाही आत्या, खाली इंग्रजीत येतंय, तर म्हणाल्या सैपाकच करत्यात की, त्यात काय कळायचंय. आणि खरंच सगळं कळलं त्यांना, माझ्यापेक्षा आधी कळत होतं. त्यातल्या नवरा-बायकोला नावंच नाहीत हे मला नंतर लक्षात आलं, आत्यांना फरकच पडला नाही, त्या पहिल्यापासून 'ही' आणि 'त्यो' म्हणत होत्या.

पॉज दोनदा. एकदा टेबल दाखवतात, पुरुष जेवून उठलेत आणि चावून टाकलेला चोथा ताटाबाहेर टेबलावर तसाच पडलाय, आणि ही पोरगी ते हातानं गोळा करते. आत्या म्हणाल्या थांबीव. उठून स्वयंपाकघरात जाऊन आल्या, काही न घेताच आल्या. मग म्हणाल्या, तुजं सासरं शेवग्याच्या शेंगंचा चोथा असाच टाकायचं, ताटाभाईर, मी कदी काय म्हनली न्हाई. बस, लाव फुडं. आता मामंजी जाऊन नऊ वर्षं झाली, मी काय बोलणार.

दुसऱ्यांदा मी थांबवला कारण आत्यांचं चालू झालं होतं. त्या पोरगीच्या सिंकचा पाईप गळतोय, खाली बादली ठेवलीये, नवऱ्याला रोज सांगतीय प्लंबर बोलाव, तो रोज विसरतोय. आत्यांना पटेना, यवढं दोन दिस झालं सांगतीया, एमसील लावायचं की गं आपलं आपन, तीस रुपयाचं काम. मी म्हटलं आत्या तसं नसतं पिक्चरमधी. पण त्या पाण्याचं शेवटी ती जे करते ते बघून आत्या एकदम टाळी वाजवून म्हणाल्या बरं झालं एमसील लावलं न्हाई ते. आमचाही पाईप गळतोय चार महिने, असं मी ह्यांना रात्री सहज सांगितलं. शनिवारी प्लंबर आला.

नंतर त्याचाच हिंदी रिमेक 'मिसेस' पण बघितला, २०२५ चा, सान्या मल्होत्राचा. बरा आहे, पण घर फार चकचकीत वाटलं. मल्याळमच्यात तीच कढई, तोच ओटा, तेच पुसणं, परत परत दाखवत राहतात, कंटाळा येतो, आणि तो कंटाळाच दाखवायचाय त्यांना. हिंदीत कंटाळा येऊ देत नाहीत. तिथंच मार खाल्ला असं माझं मत.

~

'मंजुम्मेल बॉईज'. कोडाईकनालची गुणा गुहा, २००६ मध्ये खरोखर घडलेलं, मित्र खड्ड्यात पडतो आणि दुसरा दोरावर खाली उतरतो. मी पॉज केलाच नाही, माझ्यासाठी ॲपनं केला. दोर खाली, माणूस लोंबकळतोय, आणि धाडकन कपड्याच्या पावडरची जाहिरात. पैसे भरून. माझे वडील जाहिरातीतल्या बाईला म्हणाले, अगं बाजूला हो, तो मरतोय तिकडं.

~

माझं मत लोकांना आवडणार नाही पण लिहिते. 'बाईपण भारी देवा' २०२३ ला थेटरात बघितला तेव्हा आमची भिशीची अख्खी गँग, सगळ्या नऊवारीत, नथी बिथी घालून गेलो होतो, मध्यंतरात फुगड्या, शेवटच्या मंगळागौरीला आमच्या रांगेतली एक पण बसलेली नव्हती, मी इतकी रडले की नथ काढून पर्समध्ये ठेवली. आता परवा रविवारी घरी लावला, एकटीच, इस्त्री करत. ज्या जागी थेटरात रडले होते तिथं घरी दोन शर्ट आणि एक पंजाबी ड्रेस झाला. सहा बहिणी, प्रत्येकीला एकेक दुःख वाटून दिल्यासारखं, आणि मग एकेक करून निकालात. पॉज कुठं केला म्हणाल तर केलाच नाही, इतर कामं चालू ठेवून बघता येतो. मग थेटरात काय बघितलं होतं मी? बहुतेक आमच्या भिशीलाच.

~

इस्त्री बाजूला ठेवून बघा की बाई. कुठलाही पिक्चर इस्त्रीसमोर टिकायचा नाही.

~

मी अमरावतीकडचा, नोकरीनं हिंजवडीत येऊन पडलो. पोरगा सहा वर्षाचा, इंग्लिश मिडियम. त्याला 'नाळ' दाखवला, २०१८ चा, सुधाकर रेड्डी यक्कंटीचा, सैराटचा कॅमेरामन तो. पहिल्या पाच मिनिटात पोरगा म्हणे बाबा हे लोक तुम्ही आजीशी फोनवर बोलता तसं बोलतात. मी म्हटलं हो रे बाप्पा, तशीच भाषा हाय ती, तुही बी तेच हाय. तर म्हणे माझी नाही. असो.

त्याच्यात म्हशीचं पिल्लू मरते आणि त्याच्या कातड्यात पेंढा भरून भोत करून म्हशीसमोर ठेवतात, का ती पान्हा सोडंल. पोरानं रिमोट घेऊन स्वतःच थांबवला. काऊन थांबवला रे? तर म्हणे, म्हशीला कळत नाही का ते खोटं आहे? आता मी हे आमच्या आजीला करताना प्रत्यक्ष पाहिलंय, भोताला मीठ लावायची ती, म्हैस चाटत राहायची आणि इकडं बादलीत धार. मी पण हेच विचारलं होतं आजीले. ती म्हणे, कळते तिले, पण चाटल्याशिवाय राहवत नाही. हे मी पोराला सांगितलं तर तो म्हणे तुमची आजी चीटर होती.

पिक्चर तर तसा पोराचाच आहे, आठ वर्षाचा चैत्या, त्याला कोणीतरी सांगते की तुही आई तुही खरी आई नाही, आणि मग तो आईकडं जसं पाहाते ना, संशयानं. श्रीनिवास पोकळे त्या पोराचं नाव, काय डोळे आहेत. बायको म्हणे दुसरा भाग पण आहे, लावू का. मी म्हटलं आज नको. रात्री अकरा वाजता गावी फोन केला, आई घाबरली, म्हणे काय झालं. काही नाही म्हटलं, म्हैस कशी आहे. म्हैस विकून सात वर्षं झाली म्हणे, झोप.

~

'वाळवी', परेश मोकाशी, २०२३. गोष्टीतलं अक्षर सांगणार नाही, नवऱ्यानं बायकोला संपवायचा प्लॅन केलाय एवढं पहिल्याच मिनिटाला कळतं. नवऱ्याबरोबर बघितला. नंतर दोन दिवस ह्यांनी आणलेला चहा आधी ह्यांना घोटभर प्यायला लावला.

~

मला उशीर झाला लिहायला, कारण लिहू की नको चाललं होतं. 'द डिसायपल', ताम्हाणेचाच. रात्री एक वाजता, इयरफोन लावून, एकटा. बायको-मुलं झोपल्यावर.

मी चौदा वर्षं गाणं शिकलो. विशारद झालो, एका गुरुजींकडं दर रविवारी लोकलनं ठाण्याहून जायचो, त्यांचं औषधपाणी, बिलं भरणं, सगळं आपलेपणानं. आता बँकेत आहे. त्यातला शरद शास्त्रीय गाणं शिकतोय, सुरुवातीलाच स्पर्धेचा निकाल सांगतात आणि त्याचं नाव येत नाही, तिथं पॉज केला आणि पाच मिनिटं छताकडं बघत बसलो. माझं नाव यायचं, पण उत्तेजनार्थ. उत्तेजनार्थ हा शब्द ज्यानं काढला त्याला एकदा भेटायचंय मला.

लोक म्हणतात संथ आहे. आहेच, विलंबितच आहे तो. रात्री मोकळ्या रस्त्यावर शरद मोटारसायकलवरून चाललाय, कानात माईंचं, म्हणजे त्याच्या गुरुजींच्या गुरूंचं, रेकॉर्डिंग, आणि त्या सांगतायत की गाणं म्हणजे साधना, तडजोड नाही वगैरे. माईंचा आवाज सुमित्रा भावेंचा आहे, ज्यांचे पिक्चर बघत आपण मोठे झालो त्याच. त्या गेल्या १९ एप्रिल २०२१ ला आणि हा नेटफ्लिक्सवर आला ३० एप्रिलला. मला हे आधीच माहीत होतं, त्यामुळं तो आवाज ऐकताना वेगळंच होत होतं. गुरुजी झालेले अरुण द्रविड खरोखरचे जयपूर घराण्याचे गवई, किशोरीताई आमोणकरांकडं शिकलेले, म्हणून बसणं-खोकणं-सूर लावणं कुठंही खोटं नाही.

एक संग्राहक शरदला दारूच्या टेबलावर सांगतो की तुझ्या माई तुला वाटतात तशा नव्हत्याच, आणि शरद त्याच्या तोंडावर ग्लास रिकामा करतो. मला तो प्रसंग जरा जास्त वाटला. आम्ही लोक ग्लास फेकत नाही हो. आम्ही हो हो म्हणतो, घरी येतो आणि मग गायचं कमी कमी होत जातं.

तानपुऱ्याचं ॲप अजून आहे मोबाईलमध्ये. पिक्चर संपल्यावर लावलं होतं, काळी एक. बायको उठून आली, म्हणाली फ्रिज वाजतोय का बघ.

~

बँकवाले दादा, कधीतरी गा हो.

~

आम्ही वय वर्षे ७१. पॉज म्हणजे काय हे तुम्हाला काय सांगू. ८५-८६ साली गल्लीतली पोरं वर्गणी काढून रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर रात्रभरासाठी भाड्यानं आणायची, एका रात्रीत तीन पिक्चर, कारण भाडं वसूल झालं पाहिजे. तिसऱ्याला सगळे आडवे, फक्त व्हीसीआरवाल्याचा माणूस जागा. तेव्हा पॉज केलं की चित्र थरथरायचं आणि आडवे पट्टे यायचे, टेप खराब होते म्हणून तो माणूस ओरडायचा.

तर नातू आठ वर्षांचा, सुट्टीला आला होता. त्याला 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' लावून दिला, परेश मोकाशींचाच, २००९ चा. फाळके झालेले नंदू माधव म्हणजे उत्साहाचा नुसता कारखाना. एवढा गोड कशाला केलाय, फाळक्यांना खरा त्रास किती झाला, असं आमच्या एका मित्राचं म्हणणं. डोळे जायची वेळ आली होती, विम्याची पॉलिसी गहाण, घरातल्या वस्तू विकल्या, सगळं खरं. पण मी म्हणतो ज्याला वेड लागलंय त्याला स्वतःला ते दुःख वाटत नसणार. तारामतीचं काम करायला बाई मिळेना, तेव्हा हॉटेलात आचारी असलेले अण्णा साळुंके उभे केले, ह्या गोष्टीवर नातू सोफ्यावरून खाली पडेपर्यंत हसला.

पॉज त्यानंच केला. कच्च्या फिल्मला कडेची भोकं आपणच पाडावी लागत, अंधारात बसून, आणि हे काम फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई करत, घरातल्या सगळ्यांचा स्वयंपाक करून झाल्यावर. नातू म्हणाला भोकं कशाला? मी वर्तमानपत्राची पट्टी कापली, पंचिंग मशीननं कडेला भोकं पाडली, पेन्सिलीवर चढवून सरकवून दाखवली. मग पिक्चर बाजूला राहिला, दुपारभर तो भोकंच पाडत होता. संध्याकाळी लाईट बिल सापडलं, दोन्ही कडांना व्यवस्थित अंतरावर भोकं. सौ. म्हणाल्या, भरून टाका आता, नाहीतर अंधारातच बसायचंय सरस्वतीबाईंसारखं.

~

काका, लाईट बिल 😂😂

~

लाईट बिलावरून आठवलं. 'ऑल वी इमॅजिन ॲज लाईट', पायल कपाडिया, २०२४ ला कान फेस्टिव्हलला ग्रां प्री मिळाला तो. आईबरोबर बघितला. आई परळला एका हॉस्पिटलात आया होती, आम्ही अजून लालबागलाच. मुंबईतल्या दोन मल्याळी नर्सा आणि हॉस्पिटलात स्वयंपाक करणारी पार्वती, म्हणजे आपली छाया कदम. आईनं पिक्चर बघितला तो फक्त छाया कदमचाच, बाकीच्या दोघी आल्या की मोबाईल बघायची.

पार्वतीचं घर बिल्डर पाडणार आणि तिच्याकडं एकही कागद नाही, नवरा गेला, कागद कुठं ते माहीत नाही. आई म्हणाली थांबव. कपाटातून बिस्किटाचा पत्र्याचा डबा काढला, त्यात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून रेशनकार्ड, पागडीची पावती, आणि १९९१ पासूनची लाईट बिलं, वर्षाप्रमाणे रबर लावून. रबरं वितळून कागदाला चिकटलेली. सगळं मोजून परत ठेवलं, म्हणाली लाव.

पुढं पार्वती आणि त्यातली एक नर्स बिल्डरच्या जाहिरातीच्या बोर्डाला दगड मारतात. आई असं हसली की शेजारच्या वहिनी डोकावल्या. मला तेव्हा 'फँड्री' आठवला, त्यात जब्याची आई छाया कदमच, आणि त्याचा शेवट पण दगडच. ही बाई जिथं जाते तिथं दगड निघतो. नंतर त्या तिघी रत्नागिरीकडं जातात, तिथं गुहेतला एक सीन आहे, त्याला आई पाणी प्यायला उठली. आमच्या आईला नेमकी अशाच वेळी तहान लागते, लहानपणापासून बघतोय.

~

वेंगुर्ल्याची मी, आता म्हापशाला असते. 'थ्री ऑफ अस', अविनाश अरुणचा, 'किल्ला' वाला. शेफाली शाहला स्मृतिभ्रंश सुरू झालाय आणि सगळं पुसायच्या आधी ती लहानपणी राहिली त्या वेंगुर्ल्याला जाऊन येते, शाळा, घर, जुना मित्र. नवऱ्याला बरोबर घेऊनच. भांडण नाही, आरडाओरडा नाही, नवरा पण बिचारा चांगला माणूस.

माझी आई ७८. तिचं विसरणं सध्या चष्मा, किल्ली, औषध घेतलं की नाही, इतपतच आहे. दर दहा मिनिटांनी पॉज करायला लावायची. 'ह्यां आपलां वेंगुर्लां मां?' मग तो रस्ता कुठला, ती विहीर कोणाची, पडद्याजवळ जाऊन बोट लावून दाखवायची. अर्ध्या जागा तिच्या चुकल्या असणार, मी काही बोलले नाही. दीड तासाचा पिक्चर तीन तास चालला. शेवटी जायंट व्हीलमध्ये शेफाली आणि जुना मित्र झालेला जयदीप अहलावत वर बसून बोलतात, तिथं मात्र आई गप्प.

गेल्या रविवारी म्हणाली काहीतरी चांगला लाव. मी हाच लावला. पहिल्या रस्त्यालाच म्हणाली, ह्यां आपलां वेंगुर्लां मां?

~

काळ्या पडद्यावाली मी परत आले. काल रात्री 'कोर्ट' काढून तिथपासून पुढं बघितला. ज्यांना बघायचाय त्यांनी हे वाचू नका.

जज सुट्टीत नातेवाईकांबरोबर रिसॉर्टला गेलेत, हाफ पँट, पाणी, गाणी. कोणाचा तरी मुलगा बोलत नाही तर हे सल्ला देतायत अंकशास्त्रवाल्याला दाखवा, खडा घाला. हेच गृहस्थ दोन तास कलमं सांगत होते. मग बाकावर डुलकी लागते, पोरं येऊन जोरात ओरडून पळतात, आणि हे दचकून उठून हाताला लागेल त्या पोराला थोबाडीत देतात. पोरगं रडत उभं. आणि साहेब परत डुलक्या घ्यायला लागतात.

आम्ही दोघं परत रिमोट हातात घेऊन बसलो, अजून काही आहे की काय म्हणून. पाट्या संपल्या तरी बसलो होतो. नवरा म्हणतोय आता ऑफिसात काय सांगू.

धागाकर्ते, आता नक्की संपला ना?

~

हो, संपला. करा बंद टीव्ही. बाबा विचारतायत, तुमचे मिस्टर कुठल्या खात्यात आहेत.